‘घरी न्या, सेवा करा’ : एका काकींचे शेवटचे २६ दिवस

कॅन्सरच्या वॉर्डातून शेवटची सुट्टी होताना आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘आता घरी न्या, सेवा करा.’ सांगणाऱ्याचा आवाज मऊ असतो, ऐकणारा मान खाली घालतो, आणि गाडी ठरवायला कुणीतरी जिन्याने खाली धावतं. मी परिचारिका आहे. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यांत घरोघरी जाऊन पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात दुखणं आणि त्रास आवाक्यात ठेवण्याचं काम आमची तीन माणसांची टीम करते : डॉक्टर, समाजसेविका आणि मी. हे वाक्य मी शेकडो नातेवाइकांच्या तोंडून ऐकलं आहे. सेवा म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यांतल्या फार थोड्यांना कुणी शिकवलेलं असतं.

खालचं प्रकरण अशाच एका घरचं आहे. ओळख पटू नये म्हणून गाव आणि काही तपशील बदलले आहेत.

आजार आणि सुट्टीचा कागद

काकी ५४ वर्षांच्या. घरी थोडा ऊस, थोडं सोयाबीन, दोन म्हशी. नवरा शेतावर, मुलगा चाकणला कंपनीत कंत्राटावर, सून आणि पाच वर्षांचा नातू गावातच. मुलगी लग्न होऊन शेजारच्या तालुक्यात. काकींना लहानपणापासून मिश्रीची, म्हणजे भाजून कुटलेल्या तंबाखूची सवय. सकाळी दात घासायला मिश्री, दुपारी धुणं उरकलं की मिश्री, रात्री भांडी झाली की पुन्हा. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या वर्षी कर्करोगाचे १४ लाखांहून अधिक नवे रुग्ण होते आणि त्यांतले जवळपास १ लाख ४४ हजार ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे. आमच्या यादीत तर तोंडाचा कॅन्सर सगळ्यांत वर असतो, आणि बायकांच्या नावापुढे बहुतेक वेळा मिश्रीच लिहिलेली असते.

डाव्या गालाचं ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी झालं. जबड्याचं हाड काढलं, छातीचं मांस गालाला लावलं, मग सहा आठवडे शेक. रेडिएशनला आमच्याकडे शेकच म्हणतात. दीड वर्ष बरं गेलं. नंतर मानेत गाठ आली, केमो झाली, काही महिने गोळ्यांवर निघाले. शेवटी गाठ कातडीतून बाहेर फुटली आणि गिळणं बंद झालं. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात नऊ दिवस ठेवून त्यांना नाकातून नळी घातली, दुखण्यासाठी इंजेक्शनं दिली, नंतर दंडाच्या वर, खांद्याजवळ फेंटानिलचा पॅच, म्हणजे दुखण्यावरचं जोरदार औषध कातडीतून हळूहळू देणारी पट्टी, लावला. शनिवारी दुपारी सुट्टी झाली.

सुट्टीचा कागद मी नंतर पाहिला. दोन पानं, सगळं इंग्रजीत. पहिल्या दीड पानात तीन वर्षांच्या उपचारांचा बिनचूक इतिहास होता. पुढच्या दिवसांसाठी तीन शब्द होते : बेस्ट सपोर्टिव्ह केअर, म्हणजे आता फक्त त्रास कमी ठेवायचा. खाली औषधांची यादी. पॅच कधी बदलायचा, कुठे मिळतो, नळीतून काय आणि किती घालायचं, मानेची जखम कशी धुवायची, रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा, यांपैकी काही नव्हतं. आमची टीम त्या गावापासून ४० किलोमीटरवर आहे. वॉर्डातून एक फोन आला असता तर शनिवारी संध्याकाळी त्या घरात पोचणं आम्हाला अवघड नव्हतं.

वॉर्डातल्या सिस्टरांवर माझा राग नाही. एकेका पाळीला किती पेशंट असतात ते मी स्वतः भोगलं आहे. पण तीन वर्षं एका बाईला वाचवायला जी यंत्रणा इतकी नीट चालली, ती तिच्या शेवटच्या महिन्याच्या दारात येऊन थांबली, आणि पुढचं सगळं २६ वर्षांच्या सुनेच्या अंगावर आलं, याचा त्रास मला आजही होतो.

पहिले चार दिवस

शनिवारी रात्री काकी बऱ्या होत्या. रविवारी मान आणि खांदा अवघडला म्हणून सुनेने गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं. तिने प्रेमाने आणि नीट शेकलं, अर्धा तास, दिवसातून तीनदा. पॅच नेमका त्याच खांद्यावर होता. फेंटानिलच्या पॅचवर उष्णता लागली की त्यातलं औषध भराभर कातडीत उतरतं. संध्याकाळपर्यंत काकींना हाक मारली तरी डोळे उघडेनात, श्वास संथ झाला. घर घाबरलं. कुणीतरी म्हणालं, त्या पट्टीनेच झालं असणार. रात्री पॅच ओढून काढला आणि चुलीत टाकला.

पॅच काढल्यावरही त्याचं औषध अंगात बराच वेळ राहतं. सोमवारी दुपारपर्यंत काकी शुद्धीवर आल्या आणि पाठोपाठ दुखणंही आलं. नवा पॅच आणायला काका तालुक्याला गेले. चार मेडिकल फिरले. ‘हे आमच्याकडे नसतं,’ एवढंच उत्तर मिळालं. यादीतली दुसरी गोळी नळीतून दिली, तिचा काही उपयोग झाला नाही. सोमवारची रात्र, मंगळवारचा दिवस, मंगळवारची रात्र. बुधवारी सकाळी आशाताई नातवाच्या लसीची चौकशी करायला आल्या आणि ओसरीतूनच त्यांना आवाज ऐकू आला. त्यांनी आम्हाला फोन केला.

आम्ही बुधवारी तीन वाजता पोचलो. श्रावण होता, सगळीकडे चिखल. काकी पडवीत खाटेवर होत्या, कारण जखमेला वास येत होता आणि घरच्यांना वाटलं की बाहेर हवा खेळती राहील. पडवीला लागूनच म्हशींचा गोठा.

काकींना बोलता येत नव्हतं. ऑपरेशननंतर शब्द नीट उमटत नव्हते, आणि आता तर नुसता घशातून आवाज. पण चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. नातवाची पाटी उशाशी होती, तीवर त्या लिहीत. दुखणं मोजायला आम्हाला शून्य ते दहा शिकवतात. मी खेड्यातल्या मोठ्या माणसांना वेगळं विचारते. विचारलं, ‘काकी, रुपयात किती आणे दुखतंय?’ त्यांनी पाटीवर १६ लिहिलं आणि पेन्सिल मोडेपर्यंत खाली रेघ ओढली.

जखम

मानेवरची पट्टी रुग्णालयातून निघाल्यापासून कुणी उघडली नव्हती. घरच्यांना वाटलं, उघडली तर जंतू जातील. मी मिठाच्या पाण्याने ती भिजवून भिजवून सोडवली. आत जखमेत अळ्या होत्या.

हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण कुठल्याच घरात याबद्दल कुणी बोलत नाही. फुटलेली गाठ, ओल, पावसाळा आणि शेजारी गोठा असला की माशी बसते, अंडी घालते, दोन-तीन दिवसांत अळ्या होतात. यात कुणाचं पाप नसतं. आळसही नसतो. सुनेने पाहिलं आणि ती मागच्या दाराशी जाऊन बसली. थोड्या वेळाने आत येऊन म्हणाली, ‘ताई, आमीच कमी पडलो का ओ सेवेत?’

मी तिला हातमोजे दिले आणि शेजारी बसवलं. अशा वेळी नुसता धीर देण्यापेक्षा हाताला काम दिलेलं बरं, असा माझा अनुभव आहे. टर्पेंटाइन तेलात भिजवून पिळलेला गॉझ जखमेच्या कडेला ठेवायचा, दहा मिनिटं थांबायचं. तेलाच्या वासाने अळ्या वर येतात. मग चिमट्याने एकेक उचलायची, घाई करायची नाही, ओढाताण केली तर रक्त येतं. काकींना आधी सांगितलं, थोडं चरचरेल. त्या दिवशी ४०-४५ निघाल्या. दुसऱ्या दिवशी १२. तिसऱ्या दिवशी एकही नाही.

वासाचा उपाय त्याहून सोपा. मेट्रोनिडाझोल या जंतू मारणाऱ्या औषधाच्या साध्या गोळ्या खलात कुटून त्यांची पूड धुतलेल्या जखमेवर भुरभुरायची. सलाईनची बाटली विकत आणायची गरज नाही : एक लिटर पाणी उकळायचं, त्यात चहाचा दीड सपाट चमचा मीठ, झाकून गार करायचं, रोज नवीन. पट्टीसाठी काकांचं जुनं धोतर फाडून तुकडे केले, धुतले, उन्हात वाळवले, फडक्याच्या पिशवीत बांधून कुकरमध्ये वाफवले. ऊन नसेल त्या दिवशी सून ते चुलीवरच्या दोरीला टांगायची. धूर लागतो म्हणून मी नको म्हटलं, तेव्हा तिने इस्त्री फिरवून वाळवायला सुरुवात केली. चार दिवसांत ती माझ्यापेक्षा हलक्या हाताने पट्टी बदलू लागली.

काकींची खाट त्याच दिवशी आत माजघरात घेतली आणि वर मच्छरदाणी लावली. तिसऱ्या दिवसापासून वास इतका कमी झाला की नातू पुन्हा आजीच्या खाटेवर येऊन बसायला लागला.

गोळी

दुखण्यावर डॉक्टरांनी मॉर्फिन सुरू केलं. दहा मिलिग्रॅमची गोळी, अर्धी करून, कुटून, पाण्यात विरघळवून नळीतून. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा. रात्री दहाची मात्रा दुप्पट, म्हणजे मध्यरात्री दोन वाजता कुणाला उठावं लागत नाही. मध्येच दुखलं तर एक जादा मात्रा, आणि ती लिहून ठेवायची. सोबत पोट साफ होण्याचं औषध रोज, न चुकता, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतंच. काकींना आठ दिवस शौचाला झालं नव्हतं. घरच्यांना वाटत होतं, खाणंच नाही तर होईल कुठून. त्या संध्याकाळी मी जेली लावून बोटाने खडे काढले. काकी त्या रात्री पाच तास झोपल्या. मॉर्फिनने तर झोपल्याच, पण त्यातला निम्मा वाटा पोट मोकळं झाल्याचा होता, असं मला वाटतं. शेवटच्या आजारातल्या पोटाकडे मोठमोठे डॉक्टर लक्ष देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पूर्ण गोळी केली. पाटीवर आकडा आला ६. चौथ्या दिवशी ३.

मग थोरले दीर आले. गावात शब्दाला मान असलेला माणूस. त्यांनी गोळीचं पाकीट हातात घेऊन विचारलं, ‘डॉक्टर, ही अफूच न्हवं का? माणसाला अफू चारून झोपवायचं, ह्यो कसला इलाज? सवय लागली म्हंजे?’

डॉक्टरांनी त्यांना खाली बसवून सगळं सांगितलं. होय, हे अफूतूनच निघतं. मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचकडे शेतकरी सरकारी परवान्याने अफू पिकवतात, ती सरकारच घेतं, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत त्यापासून औषधं होतात. दुखणं नसलेल्या माणसाने नशेसाठी घेतली तर घात होतो. कॅन्सरचं दुखणं असलेल्याला मोजून, वेळेवर दिली तर तो त्या दुखण्यातून उठून बसतो. ‘आण्णा, वहिनी झोपल्यात का?’ डॉक्टरांनी विचारलं. काकी उशीला टेकून बसल्या होत्या आणि नातवाला पाटीवर बाराखडी गिरवायला लावत होत्या. दीर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरचं ताक पाठवलं.

ही गोळी गावच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, याची एक मोठी गोष्ट आहे. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानंतर मॉर्फिन ठेवायला इतके परवाने लागायचे की बहुतेक रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. ज्या देशात अफू पिकते त्याच देशातले कॅन्सरचे रुग्ण तडफडत राहिले. केरळमध्ये १९९३ साली कोझिकोडला सुरू झालेल्या कामाने आणि डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांच्या वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्याने २०१४ मध्ये कायदा बदलला. आता राज्याच्या औषध प्रशासनाने मान्यता दिलेल्या संस्थेला मॉर्फिन ठेवता येतं. आमची संस्था तशी मान्यताप्राप्त आहे. प्रत्येक गोळीची नोंद वहीत होते. कायदा मोकळा झाला, पण मान्यता घेणारी रुग्णालयं अजून फार कमी आहेत. काका ज्या तालुक्यात चार मेडिकल फिरले तिथे एकही नाही.

घर कामाला लागतं

पहिल्या आठवड्यात माझी एक चूक झाली. मी सगळं सुनेला शिकवलं आणि फक्त सुनेलाच. ती हुशार, हाताला चपळ, म्हणून मला सोपं गेलं. नवव्या दिवशी तिच्या माहेरी कुणी गेलं आणि तिला जावं लागलं. त्या दिवशी दुपारी दोनची आणि संध्याकाळी सहाची, अशा दोन मात्रा चुकल्या. काका गोळीचं पाकीट घेऊन बसले होते, पण कुटायची किती आणि पाणी किती हे त्यांना ठाऊक नव्हतं. रात्री फोनवर ते रडले. ‘म्याडम, चाळीस वरसं हिनं मला ताटात वाढलं. मला हिला एक गोळी देता येईना.’

दुसऱ्या दिवशी मी काकांना, मुलीला आणि शनिवारी आलेल्या मुलाला समोर बसवलं. प्रत्येकाने माझ्यासमोर एकदा गोळी कुटून, सिरिंजमध्ये ओढून, नळीतून दिली, आणि नंतर २५ मिली साधं पाणी सोडून नळी धुतली. दुपारी दोनची मात्रा तेव्हापासून काकांची झाली. ते दीडलाच शेतातून यायचे, हात धुवायचे आणि घड्याळासमोर बसायचे.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर सून रोजच्या चौकोनात मात्रेमागे एक अशा पाच रेघा मारायची. जादा मात्रा दिली की गोल.

नळीतून द्यायचं खाणं घरचंच होतं. नाचणीची पेज, डाळीचं वरचं पाणी, दूध, ताक, सगळं गाळणीतून गाळून. खाट उशाकडून उंच करून, लोड लावून, अर्धवट बसवून द्यायचं आणि नंतर अर्धा तास तसंच बसू द्यायचं, नाहीतर अन्न छातीत जातं. डबाबंद पावडरीचे पैसे वाचले. ते पैसे मुलाने गाडीभाड्याचं कर्ज फेडायला वापरले, कारण शनिवारच्या त्या गाडीला साडेआठ हजार गेले होते.

एक गोष्ट डॉक्टरांनी काका आणि मुलाला बाजूला घेऊन सांगितली. गाठ मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीजवळ होती. कधीतरी एकदम रक्त येऊ शकेल, थांबवता न येण्याइतकं. तसं झालं तर पळापळ करायची नाही, गाडी बोलवायची नाही, जवळ बसायचं, हात धरायचा. गडद रंगाचे टॉवेल आणि एक काळपट गोधडी खाटेखाली ठेवायची, म्हणजे लाल दिसत नाही. झोपेचं एक इंजेक्शन आमच्या सूचनेसह घरात ठेवलं. हे सांगताना मुलाचा चेहरा पडला होता. पण चौदाव्या रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी फोन आला तेव्हा तोच म्हणाला, ‘ताई, रक्त यायला लागलंय, टॉवेल दाबून धरलाय, पूड टाकू का?’ ट्रॅनेक्सामिक या रक्त थांबवणाऱ्या गोळीची पूड आम्ही आधीच देऊन ठेवली होती. वीस मिनिटांत थांबलं. ती मोठी रक्तवाहिनी नव्हती. आम्ही सकाळी गेलो तेव्हा टॉवेल भिजत घातले होते आणि काकींनी पाटीवर ‘चहा द्या यांना’ असं लिहून ठेवलं होतं.

‘शेवटचं एकदा बघू’

त्या रात्रीनंतर मुलाच्या मनाने उचल खाल्ली. पुण्याला न्यायचं, भरती करायचं, रक्त चढवायचं. त्याची रजा संपली होती, कंत्राटदार रोज फोन करत होता, आणि आई आपण काहीच न करता गेली असं गावाने म्हणू नये, ही भीती होती. कुणीतरी त्याच्या डोक्यात घातलं होतं की दवाखान्यात न नेता माणूस गेला तर पोलीस केस होते.

आमच्या समाजसेविकेने त्याचा एकेक प्रश्न सोडवला. दीर्घ आजाराने घरी आलेला मृत्यू नैसर्गिक असतो. उपचार करणारा डॉक्टर कारणाचा दाखला देतो, ग्रामपंचायतीत २१ दिवसांत नोंद होते. पोलिसांचा संबंध नाही. उपचार नाकारण्याचा माणसाला हक्क आहे, आणि सन्मानाने मरणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. एवढं ऐकून तो म्हणाला, ‘पण आईला काय सांगायचं? तिला काही माहीत न्हाई.’

हे ‘तिला माहीत नाही’ मी प्रत्येक घरात ऐकते. डॉक्टरांनी परवानगी मागितली, ‘त्यांनाच विचारू? जेवढं त्या विचारतील तेवढंच सांगेन.’ मुलगा खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. डॉक्टरांनी विचारलं, ‘काकी, पुण्याला जायचं का परत?’

काकींनी पाटी घेतली. बराच वेळ लिहीत होत्या. एक ओळ पुसून पुन्हा लिहिली. मग पाटी डॉक्टरांकडे न देता मुलाकडे केली.

‘मला सगळं कळतं. पुणं नको. तू कामाव जा. शनवारी ये.’

तो तिथेच खाली बसला. मी आणि समाजसेविका बाहेर आलो. आत मायलेक किती वेळ होते ते मी पाहिलं नाही. सोमवारी तो कामावर गेला आणि शनिवारी आला.

शेवटचे दिवस

विसाव्या दिवसापासून काकी जास्त वेळ झोपायला लागल्या. मात्रा तोवर २० मिलिग्रॅमवर गेली होती. मॉर्फिनला ठरावीक कमाल आकडा नसतो, दुखणं किती आणि गुंगी किती हे पाहून पाहून ती वाढवतात. पावलांवर सूज आली. नळीतून दिलेलं पोटात राहीना, उलटी व्हायला लागली. आम्ही खाणं निम्म्यावर आणलं, मग थोडंसं पाणी आणि औषध एवढंच.

काकांना हे पटेना. ‘उपाशी मारायची व्हय हिला?’ हा प्रश्न मला सगळ्यांत जड जातो, कारण आपल्याकडे माया ताटातूनच दाखवतात. मी त्यांना काकींच्या पोटावर हात ठेवायला लावला. ते तट्ट होतं. ‘काका, शरीर आता घेत नाही. घातलं तर त्रास त्यांनाच.’ त्यांनी हात तसाच ठेवला. मग विचारलं, ‘मग मी काय करू?’ मी कापसाचा बोळा दिला. ओठ आणि जीभ ओली ठेवायची, दर तासाला. त्या दिवसापासून ते शेतात गेले नाहीत.

शेवटचे दोन दिवस घशात घरघर सुरू झाली. ऐकणाऱ्याला वाटतं की माणूस गुदमरतोय. काकींना तेव्हा शुद्ध नव्हती, त्रास जो होता तो ऐकणाऱ्यांना होता, आणि तोही कमी करायचा असतो. कुशीवर वळवलं, कातडीखाली बारीक सुई बसवून ठेवली आणि त्यातून ब्युस्कोपॅन, म्हणजे घशात साठणारा स्राव कमी करणारं औषध, द्यायला मुलीला शिकवलं. भरून ठेवलेल्या सिरिंज ताटलीत, प्रत्येकीवर वेळ लिहिलेली. घरघर कमी झाली, पूर्ण गेली नाही.

सव्विसाव्या दिवशी पहाटे साडेचारला काकी गेल्या. मुलगा घरी होता, गुरुवार असूनही. बुधवारी संध्याकाळी सुनेने त्याला फोन केला होता, ‘आत्यांचे हात गार पडायला लागलेत, ताईंनी सांगितलेलं तसं.’ तोंडात तुळशीचं पान आणि गंगाजल घातलं. सहा वाजता आम्हाला कळवलं. नऊला डॉक्टरांनी दाखला लिहून दिला.

त्यानंतर

सुतक फिटल्यावर आम्ही गेलो. ही भेट आम्ही चुकवत नाही. औषधं परत घ्यायची असतात हे एक कारण, आणि इतके दिवस रात्रंदिवस गुंतलेली माणसं एकदम रिकामी होतात, हे दुसरं. काकांना अजून दुपारी दीडला शेतातून घरी यायची सवय होती. आले की काय करायचं ते समजत नाही, म्हणाले. समाजसेविका त्यांच्याजवळ बराच वेळ बसली.

त्या रुग्णालयाच्या वॉर्डाला आम्ही पत्र लिहिलं. आरोप केले नाहीत. शनिवार ते बुधवार काय झालं ते तारीखवार लिहिलं, आणि सुट्टीच्या कागदाबरोबर द्यायला मराठीतलं एक पान सोबत जोडलं : पॅच असेल तर शेकू नका, कधी बदलायचा, पोट साफ होण्याचं औषध, पट्टी रोज उघडा आणि धुवा, नळीतून किती, रात्री फोन कुणाला. खाली आमचा नंबर. महिन्याभराने तिथल्या एका सिस्टरांचा फोन आला. उद्या एक पेशंट सोडतोय, कराडच्या बाजूचा, तुम्ही तिकडे जाता का? तोवर पेशंट वॉर्डातच होता. माझ्या नोकरीत असं पहिल्यांदाच झालं.

काकींच्या घरी त्या दिवशी शेवटचं काम गोळ्यांचा हिशेब. सुनेने डबा आणून उघडला. डॉक्टरांनी मोजल्या, ३४ निघाल्या. वहीप्रमाणे दिलेल्या, दिनदर्शिकेवरच्या रेघांप्रमाणे आणि गोलांप्रमाणे संपलेल्या, वजा केलं तर ३६ उरायला हव्या होत्या. डॉक्टर पुन्हा मोजायला लागले. सुनेने दिनदर्शिकेचं मागचं पान उलटलं आणि चौदाव्या दिवसाच्या चौकोनावर बोट ठेवलं. रक्त आलेली रात्र. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘२ सांडल्या, मोरीत गेल्या, रात्री २.१०.’

डॉक्टरांनी ते तसंच नोंदवहीत उतरवलं. खाली तिने सही केली.